आधी इंजिन बंद, मग काडी

मी एक जुना पिकअप ट्रक आहे, आणि मित्रांनो, पुढचे काहीही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी भंगार नाही. गेल्या वर्षभरात हा शब्द मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला, की माझ्या जागी एखादा माणूस असता तर त्याने निमूटपणे मान खाली घातली असती. मी घातली नाही. माझा पांढरा रंग जागोजागी सोलला आहे. एका बाजूचे दार दोरीने बांधल्याशिवाय बंद राहत नाही. मागचा एक दिवा त्याच्या मर्जीने लागतो. हे सगळे मला कबूल आहे. पण म्हातारपण वेगळे आणि भंगार वेगळे. हा फरक ज्यांना पाहायचाच नसतो, ते बॉनेट उघडायच्या आधी निकाल देऊन मोकळे होतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात जो गियरबॉक्स बसवला तो ऑटोमॅटिक होता. साध्या गाडीत चालवणारा माणूस डाव्या पायाने क्लच दाबतो आणि हाताने गियर बदलतो. माझ्यात क्लच दाबायचे काम नाही. पायाशी दोनच पेडल आहेत, एक वेगाचे आणि एक ब्रेकचे, आणि दोन्हींना उजवा पाय पुरतो. गियर माझे मीच बदलतो. त्यासाठी माझ्या पोटात लाल रंगाचे पातळ तेल सतत फिरत असते. त्याला मी माझे रक्त म्हटले तर तुम्ही म्हणाल, ट्रक असून फार काव्य करतो. पण ते लालच आहे, त्याला मी काय करू?

माझ्या बरोबरीच्या गाड्या भराभर विकल्या गेल्या. मी मात्र दुकानाच्या मागच्या अंगणात सात महिने उभा होतो. स्वतः गियर बदलणारी मालवाहू गाडी कोणालाच नको होती. मग एके दिवशी एक काचकाम करणारे गृहस्थ आले. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती, वीस-एकवीस वर्षांची; घरात सगळे तिला ताई म्हणत. लहानपणीच्या आजारात तिचा डावा गुडघा कायमचा ताठ झाला होता. ती तो पाय जरा ओढत चाले, आणि चालताना तिची कमरेखाली लोंबणारी जाड वेणी झोके घेई.

"काका, ही नका घेऊ," दुकानातला विक्रेता म्हणाला. "ही आळशी माणसांची गाडी आहे."

"माझी पोरगी दिवसाला चाळीस काचा कापते," ते गृहस्थ म्हणाले. "आळशी म्हणायचं तर तिच्या तोंडावर म्हणा. हिरकणी तिच्या खिशातच असते."

विक्रेत्याने लगेच किल्ली पुढे केली. काच कापायच्या हिरकणीला धार कसली असते, हे त्याला ठाऊक असावे.

ताईच्या बाबांनी मग पाण्याने काठोकाठ भरलेला पेला मागितला. तो त्यांनी समोरच्या काचेखालच्या सपाट फळीवर ठेवला आणि मुलीला म्हणाले, "चालव." ती पहिल्यांदाच कुठली गाडी एकटीने चालवत होती. मी पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलो, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. पेल्यातले पाणी थरथरले, पण सांडले नाही.

"घेतला," बाबा म्हणाले. "बोका आहे हा. भिंतीवरून उतरला तरी कळायचं नाही."

तेव्हापासून माझे नाव बोका.

मित्रांनो, काच नेणे हे खडी नेण्यासारखे काम नव्हे. माझ्या हौद्यात एक लाकडी घोडी बसवलेली आहे. तिच्या दोन उतरत्या अंगांना काचा टेकवून उभ्या करतात, मध्ये गोणपाट घालतात आणि पट्ट्याने आवळतात. गाडीने गियर बदलताना एक जरी झटका दिला, तरी मागून कडकन आवाज येतो आणि पुढे बसलेल्याचा जीव खालीवर होतो. सव्वीस वर्षे मी काचा नेल्या. शाळेच्या खिडक्या, दवाखान्याचे दरवाजे, न्हाव्याच्या दुकानातले आरसे. ह्या गावातल्या निम्म्या घरांत ऊन येते ते मी आणलेल्या काचांतून येते. या सव्वीस वर्षांत खड्ड्यांनी काचा फुटल्या, गिऱ्हाइकांच्या हातून फुटल्या, आणि ताईच्या धाकट्या भावाच्या हातून तर आठवड्याला एक फुटायची. माझ्या झटक्याने एकही फुटली नव्हती. लोक मुद्दाम विचारायचे, "काच बोक्यावरून येणार ना? मग हरकत नाही."

आता त्या वेणीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळेच घडले.

मी घरी आल्यावर दुसऱ्या वर्षी एका सकाळी माझे इंजिन चालू होते आणि बॉनेट उघडे होते. आत पडलेले फडके उचलायला ताई वाकली. खांद्यावरची वेणी पुढे घसरली आणि थेट पंख्यात गेली. बाबा चालकाच्या जागेवरच बसले होते. त्यांनी किल्ली फिरवली ती इतक्या झटकन, की त्या हालचालीचा मलाही धक्का बसला. वीतभर वेणी गेली. कपाळावरच्या केसांच्या मुळाशी थोडे रक्त आले. एवढ्यावर निभावले. ताई म्हणाली, "बरं झालं, धुवायला जडच जात होती." पण बाबांनी त्या दिवशी एकही काच कापली नाही.

संध्याकाळी त्यांनी माझ्या बॉनेटच्या आतल्या बाजूला लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'आधी इंजिन बंद, मग काडी.'

काडी म्हणजे तेल मोजायची पोलादी पट्टी. माझ्यात तशा दोन आहेत. एक इंजिनच्या तेलाची, एक गियरबॉक्सच्या तेलाची. काडी ओढून काढायची, पुसायची, पुन्हा खुपसायची, आणि तेल कुठल्या खुणेपर्यंत लागले ते पाहायचे. इंजिनची काडी इंजिन बंद करूनच पाहतात. पण माझ्या गियरबॉक्सची काडी इंजिन चालू आणि गरम असतानाच पाहावी लागते. इंजिन बंद झाले की वर फिरणारे तेल खाली उतरून साचते, आणि काडी खोटीच भरलेली दिसते. घरातली माणसे कामावर गेलेली असताना दारातल्या चपला मोजा, आणि सगळी परतल्यावर मोजा. घर तेच, आकडा वेगळा.

बाबांना हे पक्के माहीत होते. तरी त्यांनी ताईला सांगितले, "दोन्ही काड्यांना हाच नियम. इंजिन बंद, गाडी गार, मग काडी. मी सांगतो म्हणून." ताईने मान डोलावली. ती बाबांचा शब्द कधी मोडत नसे.

आणि मग दर सोमवारी, ताई दुकानात यायच्या आत, बाबा एकटेच यायचे. मला सुरू करायचे, गरम होऊ द्यायचे, गियरचा दांडा 'पार्क'वर ठेवायचे आणि चालू इंजिनवर माझी दुसरी काडी पाहायचे. लागेल तेवढे तेल घालायचे. नंतर समोरच्या कप्प्यातून माझे माहितीपुस्तक काढून त्यात पेन्सिलीने काहीतरी लिहायचे. काय लिहीत ते मला कधी दिसले नाही. कप्प्यात अंधार असतो.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. सोमवार सकाळ रिकामी राहू लागली.

ताईने माझी हेळसांड केली असे म्हणाल, तर मी ऐकून घेणार नाही. तिने बाबांचा नियम तंतोतंत पाळला. दर आठवड्याला इंजिन बंद, गाडी गार, दोन्ही काड्या. दोन्ही भरलेल्या दिसत. ती बॉनेट लावताना त्या लाल अक्षरांवरून एकदा बोटे फिरवी, आणि कामाला लागे.

दुखणे गेल्या वर्षी सुरू झाले. माझ्या गियरबॉक्सच्या कुशीला पत्र्याची एक छोटी डबी आहे, बुटाच्या पॉलिशची असते तेवढी. तिच्यात रबराचा पडदा आहे, आणि एका नळीने इंजिन तिच्यातली हवा ओढत असते. इंजिनवर भार किती आहे हे त्या ओढीवरून गियरबॉक्सला कळते, आणि त्याप्रमाणे तो गियर अलगद बदलतो. तो पडदा फाटला. एवढेच झाले. पण पडदा फाटल्याबरोबर गियरबॉक्सला अंदाज येईना. गियर उशिरा आणि धाडकन पडू लागला. त्यातून इंजिन त्या नळीवाटे माझे लाल तेल थेंब थेंब पिऊ लागले आणि जाळू लागले. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघू लागला. तेल कमी झाले तशी चढावर माझी पकड सुटू लागली. इंजिन ओरडायचे आणि चाके जागेवरच.

दुखते कुठे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण ट्रकला विचारतो कोण?

दवाखान्याच्या जिन्याची मोठी काच नेताना ते घडले. चढावर आधी माझी पकड सुटली, मग गियर धाडकन पडला, आणि मागे कडकन आवाज झाला. ताईने मला कडेला घेतले. ती उतरली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसली. सव्वीस वर्षांतली माझ्या झटक्याची ती पहिली काच. मित्रांनो, मला डोळे नाहीत, नाहीतर मी ते मिटून घेतले असते.

धाकटा दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन मला एका मोठ्या गियरबॉक्सच्या गॅरेजात गेला. मालकाने चष्मा कपाळावर चढवून ठेवला होता. तो त्याने डोळ्यांवर घेतलाच नाही. लांबूनच म्हणाला, "धूर दिसतोय ना? इंजिन गेलं. गियर झटका मारतोय ना? गियरबॉक्स गेला. यात जीव राहिला नाही. भंगारात घाला."

"उघडून तरी बघा," ताई म्हणाली.

"बाई, मेलेल्याची नाडी बघत नाहीत."

मला त्याच्या अंगावर गरम वाफ सोडावीशी वाटली. पण रेडिएटर त्या दिवशी शहाण्यासारखा वागला.

घरी येताना धाकटा म्हणाला, "ताई, आता पुरे झालं. गुरुवारी सकाळी दहाला क्रेनवाल्याला यायला सांगतो. माझा नवा ट्रक आहेच. तू सांगशील तिथे मी नेईन."

"तुझ्या ट्रकला क्लच आहे."

"म्हणून तर म्हणतोय. तू चालवायचं नाहीस. तू आरामात शेजारी बसायचंस."

"शेजारी बसून काय करू? रस्ता मोजू?"

"ताई, मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"माझं भलं मला शेजारच्या सीटवरून दिसत नाही रे," ती म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. काच फुटली होती ना. माझ्यासारखी दुसरी गाडी आसपास कुठे मिळत नव्हती. मी गेलो असतो, तर ताईचे स्वतःच्या मर्जीने कुठे जाणे संपले असते. पणाला लागली होती ती गोष्ट ही होती. माझे लोखंड गेले असते, तिचे आख्खे गाव गेले असते.

बुधवारी दुपारी ताईने माझ्यावरून शेवटचे काम नेले. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या पुस्तकांच्या कपाटाला दोन काचा हव्या होत्या. हे मिस्त्री शहर बसच्या डेपोत चाळीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले होते. माणूस भिडस्त. प्रत्येक वाक्याआधी 'माझं चुकत असेल' म्हणायची सवय. गल्लीतली पोरे त्यांना पाठीमागे 'चुकतअसेल मिस्त्री' म्हणत. चाळीस वर्षांत त्यांचे निदान किती वेळा चुकले होते, ते मात्र कुणाला आठवत नव्हते.

काचा आत ठेवून ताई परत आली, तेव्हा ते माझ्या मागे सायलेन्सरपाशी वाकून उभे होते. हाताने धूर नाकाकडे ओढत होते.

"काका, काय करताय?"

"माझं चुकत असेल," ते म्हणाले, "पण इंजिनचं तेल जळलं तर धूर निळसर असतो. हा पांढरा आहे. आणि वास... इंजिन ऑइलचा नाही वाटत. खाली तेल गळतं का?"

"एक थेंब नाही. मी रात्रभर खाली पुठ्ठा ठेवून बघितला. कोरा."

"गियरच्या तेलाची काडी?"

"भरलेली. परवाच बघितली."

मिस्त्री विचारात पडले. "गळत नाही, कमी होत नाही, तरी पकड सुटते." मग अगदी हळू विचारले, "काडी कशी बघता?"

"कशी म्हणजे? इंजिन बंद करून. गाडी गार झाल्यावर."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मी मनात म्हणालो, अहो बोला! आयुष्यात एकदा तरी 'माझं बरोबर आहे' म्हणा!

"माझं चुकत असेल, ताई, पण ही काडी चालू इंजिनवर बघतात. आता चालूच आहे, बघू का?"

ताईचा चेहरा बदलला. तिने बॉनेट उघडले आणि लाल अक्षरे दाखवली. "हे माझ्या वडिलांनी लिहिलंय. ते चुकीचं सांगतील असं मला वाटत नाही."

"नाही, नाही. तसं मी म्हटलं नाही." मिस्त्री एकदम मागे सरले. "वडील म्हणाले असतील तर... माझंच चुकत असेल."

ताईने बॉनेट लावले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट घटका ती. उत्तर माझ्यापासून एका काडीच्या अंतरावर येऊन परत गेले. आणि ते कुणा दुष्टाने परतवले नव्हते, एका मुलीच्या मायेने परतवले होते.

घरी आल्यावर ताईला माझी कागदपत्रे हवी होती. क्रेनवाल्याने ती तयार ठेवायला सांगितले होते. समोरचा कप्पा तेवीस वर्षे बाबांचा होता, ते गेल्यावर तिने तो कधी उघडला नव्हता. आता उघडला. नोंदणीची कागदपत्रे निघाली, एक वाळलेले फडके निघाले आणि माझे माहितीपुस्तक निघाले. ते एका जागी आपोआप उघडले, कारण त्या जागी ते शेकडो वेळा उघडले गेले होते. पान गियरबॉक्सच्या तेलाचे होते. कडेच्या कोऱ्या जागेत बाबांचे बारीक अक्षर होते. मावळतीचे ऊन पानावर पडले होते. ताई हळू आवाजात वाचू लागली, आणि मी पहिल्यांदा ऐकले.

'गियरची काडी इंजिन चालू ठेवूनच बघावी लागते. ताईला तसं सांगितलेलं नाही. तिची वेणी. मी आहे तोवर मी बघेन.'

खाली ओळीने सोमवार होते. 'इंजिन चालू, गरम. तेल बरोबर.' 'इंजिन चालू, गरम. थोडं घातलं.' पान भरल्यावर मागचे पान, मग पुढचे. अक्षर हळूहळू कापरे होत गेलेले. सगळ्यात शेवटी एकच ओळ होती. 'आता तिला सांगायला हवं.'

ते सांगायचे राहून गेले होते.

ताईने पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. मग एकदम, जणू बाबा शेजारीच बसले आहेत, असे रागावून बोलली, "अहो बाबा, मी एक अंबाडा घातला असता की!"

आणि हसता हसता रडली, की रडता रडता हसली, मला नीट कळले नाही. माझ्या सीटवर दोन्हींचे वजन सारखेच पडते.

मग तिने ती लांब वेणी, जिच्यात आता निम्मे केस पांढरे झाले आहेत, गरगर गुंडाळून डोक्यावर घट्ट अंबाडा बांधला. काचेवर खुणा करायची पेन्सिल त्यात खोचली, आणि ताठ पाय ओढत मिस्त्रींच्या घरी गेली. त्यांना जवळजवळ धरूनच घेऊन आली.

"काका, बघा काडी. इंजिन चालू ठेवून."

"पण तुमचे वडील..."

"त्यांनीच सांगितलंय. जरा उशिरा पोचलं, एवढंच."

इंजिन गरम झाले. दांडा 'पार्क'वर. मिस्त्री पुढे सरकायच्या आत ताईने स्वतः वाकून काडी ओढली, पुसली, खुपसली, पुन्हा ओढली.

काडी टोकापर्यंत कोरडी होती.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "हा उपाशी आहे!"

मिस्त्रींनी मग इंजिन बंद करायला लावले, आणि खाली चटई टाकून माझ्या पोटाखाली गेले. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात सरळ त्या डबीवर गेला. त्यांनी रबरी नळी उपटली. नळीतून लाल तेल टपकले. जिथे नुसती हवा असायला हवी, तिथे तेल!

"माझं चुकत..." खालून आवाज आला. मग क्षणभर थांबून, "नाही. या वेळी चुकत नाही. तेल इथून इंजिनात जातंय. इंजिन चांगलं आहे. हे दुसऱ्याचं पाप त्याच्या माथी आलं होतं."

त्यांनी पोटातले उरलेसुरले तेल एका पांढऱ्या फडक्यावर घेऊन पाहिले, हुंगले. थोडे तपकिरी, पण काळे नाही, जळका वास नाही. "उद्या उजेडात तळाची थाळी उघडू," ते म्हणाले. "लोखंडाचे कण सापडले तर मग माझा नाइलाज. नुसता राखाडी चिखल असला, तर ती वयाची झीज. ती तुम्हालाही आहे, मलाही आहे."

गुरुवारी सूर्य उगवतानाच ते आले. थाळी उघडली. तळाच्या चुंबकावर राखाडी चिखलाचा पातळ थर होता. कण एकही नव्हता. आता माझ्याबद्दल कुणी काही बोलायच्या आधी त्यांनी ती थाळी बघावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

पण नवी डबी कुठून आणायची? इतक्या जुन्या गाडीचा भाग दुकानात मिळेना. धाकटा दारात येऊन उभा होता, तोंडावर संशय, हातात चहाचा कप.

"भंगारवाल्याकडे असेल," मिस्त्री म्हणाले.

म्हणून धाकट्यालाच पाठवले. परत आल्यावर त्याने सांगितलेला संवाद असा.

"तुमची गाडी आजच येणार ना इकडे? मग डबी कशाला?"

"त्याच गाडीला हवी आहे."

"म्हणजे मड्याला नवे दात?"

"तसंच समजा. पण तीन द्या. मिस्त्रींनी तीन सांगितल्या आहेत."

मिस्त्रींनी पहिल्या डबीच्या तोटीला तोंड लावून हवा ओढली आणि जीभ लावली. हवा सुटली, ती बाजूला टाकली. दुसरी सुटली. तिसरीला जीभ तशीच चिकटून राहिली. बोलता येईना म्हणून त्यांनी अंगठा वर केला. ज्या अंगणात माझी हाडे जाणार होती, तिथूनच माझा प्राण आला. त्या अंगणाचाही मी ऋणी आहे. पण तिथे राहायला मी तयार नव्हतो.

डबी बसली, नळी बदलली, ताजे लाल तेल घातले. चालू इंजिनवर. काडी ताईने पाहिली, तीनदा.

दहाला पाच मिनिटे असताना क्रेन फाटकात येऊन उभी राहिली. क्रेनवाला उतरला आणि विचारू लागला, "उचलायची गाडी कुठली?"

धाकट्याने माझ्याकडे बोट दाखवले, आणि मग खाली केले.

"ही? ही तर चालू आहे."

"चालूच आहे," ताई आतून म्हणाली. "जरा तुमचं धूड बाजूला घ्या, मला बाहेर पडायचंय. दवाखान्याची काच राहिली आहे."

मागे लाकडी घोडीवर नवी मोठी काच उभी होती. धाकटा धावत घरात गेला आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला घेऊन आला. तो त्याने समोरच्या फळीवर ठेवला, आणि शेजारच्या सीटवर बसून दोरीचे दार आतून बांधून घेतले. लहानपणी तो तिथेच बसायचा.

"ताई, मला वाटलं होतं तू थकशील."

"थकेन तेव्हा सांगेन. तोवर पेला सांभाळ."

तिने दांडा सरकवला. मी क्षणाचाही वेळ घेतला नाही. पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मग दवाखान्याचा चढ आला. त्याच जागी, जिथे माझी लाज गेली होती. ताईने वेगाच्या पेडलवर पाय दिला, आणि मी चढाच्या माथ्यापर्यंत असा गेलो, की पेल्यातले पाणी फक्त थरथरले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू तुमच्यापुढे हात जोडतात, आमची काळजी घ्या म्हणतात. मी हात जोडत नाही. मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. मी एवढेच बजावतो. कुणाला मोडीत काढण्याआधी त्याचे बॉनेट उघडा. काडी कोरडी आहे की भरलेली, हे विचारण्याआधी ती कशी पाहिली ते विचारा. आणि आपल्या माणसाच्या भल्यासाठी काही लपवले असेल, तर ते वेळेवर सांगून टाका. पुस्तकाच्या कडेला लिहून ठेवू नका.

लाल अक्षरे अजून माझ्या बॉनेटखाली आहेत. ताईने ती पुसली नाहीत. त्यांच्या खाली तिने स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे : 'गियरची काडी चालू इंजिनवर. आधी अंबाडा.' आणि दर सोमवारी सकाळी ती मला सुरू करते.

त्या दिवशी पेल्यातले पाणी एकदाच सांडले, दवाखान्याच्या फाटकाशी, एक थेंब. तो खड्ड्याचा दोष होता. माझा नव्हता.